स्तन-कर्करोग आणि सूक्ष्म आरएनए : एका शोधाची हकीगत



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे मी बोइसर-तारापूरच्या कारखान्यांतून आणि सातपाटी-मुरब्याच्या बंदरांवरून कामगारांची संघटना बांधण्याचे काम करीत आलो आहे; तेव्हा ती अपेक्षा वावगी नव्हती. मी सांगितलेला विषय ऐकून चालकांपैकी एक जण हसून म्हणाले, “अहो, हा तर डॉक्टरांचा विषय!” विषय डॉक्टरांचा खरा; पण दुखणे आमचे आहे. ज्याचे दुखणे, त्याला त्याची हकीगत कळावयास नको काय?

माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. त्यापुढे जे काही वाचले ते एका कागदामुळे. १९८९ साली माझी आई वारली. सातपाटीच्या बंदरावरून पापलेट, बोंबील पाटीत भरून ती पालघरला आणि कधी गाडीने थेट मुंबईच्या बाजाराला नेत असे. छातीत डाव्या बाजूला गाठ आहे हे तिला ठाऊक होते. पण हंगाम चालू होता, गाठ दुखत नव्हती, आणि असली गोष्ट सांगावयाची कोणाला, ही लाज होती. अकरा महिने तिने ती गाठ पदराखाली वागविली. अखेर ज्या दवाखान्यात आम्ही गेलो तेथे माझ्या हाती एक टंकलिखित कागद पडला. “यावर काय लिहिले आहे?” असे मी विचारले. पलीकडच्या माणसाने वर न बघता सांगितले, “तुला समजणार नाही.”

त्याचे म्हणणे खरे होते. मला समजले नाही. मी त्या कागदावरचे शब्द एका वहीत उतरून घेतले आणि एकेका शब्दाचा अर्थ शोधू लागलो. प्रथम कोश, मग ग्रंथालये, मग ओळखीचे डॉक्टर आणि प्राध्यापक, असा तो शोध पस्तीस वर्षे चालला आहे. आज मी जे सांगणार आहे ते त्या वहीतून आलेले आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे; चूकभूल जाणत्यांनी दुरुस्त करावी.

खात्यातील चिठ्ठी

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशी हा एक कारखाना आहे असे धरून चला. कारखान्याच्या आत एक बंद कचेरी आहे आणि तेथे सगळ्या मालाच्या कृती लिहिलेली एक जाड वही कुलपात ठेवलेली आहे. या वहीचे नाव डीएनए. वही कचेरीबाहेर जात नाही. जो माल काढावयाचा असेल तेवढ्याच पानाची नक्कल एका चिठ्ठीवर उतरून ती चिठ्ठी खात्यात पाठवितात. आमच्या रसायन-कारखान्यांत तिला बॅचकार्ड म्हणतात. पेशीतील या चिठ्ठीचे नाव संदेशवाहक आरएनए. तिचा शोध १९६१ साली लागला. चिठ्ठी वाचून खात्यातील यंत्रे जो माल काढतात तो म्हणजे प्रथिन. पेशीने वाढावे, दुभागावे, थांबावे, वेळ आली की मरावे, ही सारी कामे प्रथिनांकरवी होतात.

कर्करोग म्हणजे ‘थांब’ ही आज्ञा न मानणारी पेशी. स्तनात दूध तयार होते त्या पुटकुळ्या आणि दूध वाहते त्या नलिका यांच्या अस्तरातील पेशींत हा बिघाड बहुधा सुरू होतो. केवळ स्तनातील गाठीने सहसा मरण येत नाही. गाठीतील पेशी आपली जागा सोडून काखेतील ग्रंथींत, तेथून हाडांत, फुप्फुसांत, यकृतात जाऊन वस्ती करतात, तेव्हा जीव धोक्यात येतो.

पुष्कळ वर्षे संशोधकांचे लक्ष या कारखान्याच्या दोन टोकांवर होते. वहीतले पान फाटले आहे काय, नाहीतर बाहेर पडलेला माल बिघडला आहे काय, एवढेच ते पाहत. मधल्या मार्गावर चिठ्ठी अडविणारे कोणी असेल, हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. ते कसे आले ही आजची हकीगत. आणि तिची वाट आपल्या मुंबईवरूनच जाते.

परळची प्रयोगशाळा

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील रोगनिदान-प्रयोगशाळेची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणे हे त्यांचे रोजचे काम. पण तेवढ्यावर त्यांचे समाधान होईना. कोणत्या समाजात कोणता कर्करोग अधिक होतो आणि का, हा प्रश्न त्यांनी हिंदुस्थानात प्रथम नेटाने हाती घेतला. परळच्या नोंदींत पारशी स्त्रियांमध्ये स्तन-कर्करोगाचे प्रमाण इतरांहून अधिक दिसून येई. ही नोंद पुढे आपल्या हकीगतीत पुन्हा येणार आहे, म्हणून ध्यानात ठेवावी.

खानोलकरांच्या हाताखाली एक मराठी तरुणी काम करू लागली. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकून, १९३९ साली विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या, आणि १९४९ साली खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत जिवंत पेशी काचेच्या भांड्यात वाढविण्याची विद्या त्या शिकल्या. १९५२ साली परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले, आणि परत आल्यावर कमलाबाईंनी तेथे ती विद्या रुजविली. १९६६ पासून १९७० पर्यंत त्या या केंद्राच्या संचालक होत्या.

टाटा रुग्णालय आणि हे संशोधन-केंद्र १९६२ साली अणुशक्ती खात्याच्या देखरेखीखाली आले आणि १९६६ साली एक झाले. म्हणजे १९६९ साली आपल्या किनाऱ्यावर तारापूरचे वीजकेंद्र ज्या खात्याने चालू केले, तेच खाते परळचे रुग्णालयही चालविते. हे सांगण्याचे कारण असे की, आमच्या प्रत्येक सभेत कोणी ना कोणी विचारतोच, “ही गाठ तारापूरमुळे झाली का?” एका बाईच्या एका गाठीकडे बोट दाखवून तिचे कारण कोणालाही सांगता येत नाही. कारण कळते ते हजारो रुग्णांच्या मोजणीतून. १९६३ साली मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू झाली ती याचसाठी. भीतीपोटी आरोप करू नये, आणि मोजणीची मागणी सोडू नये, असे माझे दोन्ही बाजूंना सांगणे असते.

दुधाचा शोध

अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन बिटनर या संशोधकाने उंदरांचे काही वंश वाढविले होते. एका वंशातील बहुतेक माद्यांना स्तनाच्या गाठी होत, दुसऱ्यात क्वचितच. सर्वांना वाटे, ही आनुवंशिकता. बिटनर यांनी पहिल्या वंशाची पिले जन्मताच दुसऱ्या वंशाच्या माद्यांना पाजावयास दिली. तेव्हा त्या पिलांतील गाठींचे प्रमाण खूप उतरले. १९३६ साली त्यांनी जाहीर केले की, रक्तातून नव्हे तर आईच्या दुधातून काहीतरी पिलांत जात आहे. हे काहीतरी म्हणजे एक विषाणू होता, आणि त्याची वही डीएनएची नसून आरएनएची होती.

कमलाबाई रणदिवे यांनी हाच प्रश्न परळला हाती घेतला. त्यांच्या केंद्राच्या नावाने ओळखला जाणारा उंदरांचा एक वंशच तयार झाला. त्याच्या माद्यांत स्तनाच्या गाठी मोठ्या प्रमाणात होत. आनुवंशिकता, स्त्रीच्या शरीरातील संप्रेरके आणि हा विषाणू या तिघांची सांगड कशी बसते, याचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. गाठीचे कारण एकच एक नसते. अनेक कारणे एकत्र येतात तेव्हा गाठ होते, हा विचार त्या काळात धरून राहणे ही लहान गोष्ट नव्हे.

साहजिकच पुढचा प्रश्न आला : स्त्रियांच्या दुधातही असा विषाणू असेल काय? येथे खानोलकरांच्या काळची पारशी स्त्रियांविषयीची ती नोंद उपयोगी पडली. डॅन मूर या अमेरिकन संशोधकाच्या गटाने मुंबईकडे मदत मागितली. परळच्या केंद्रात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रयोगशाळा उभी करणाऱ्या डॉ. सत्यवती सिरसाट आणि टाटा रुग्णालयाचे शल्यचिकित्सक डॉ. पेमास्टर हे त्या कामात सामील झाले. मुंबईतील पारशी मातांनी आणि अमेरिकेतील मातांनी आपले दूध तपासणीसाठी दिले. १९७१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध झाला. काही दुधांत उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण सापडले आहेत, आणि घराण्यात हा रोग असलेल्या स्त्रियांत व पारशी स्त्रियांत ते अधिक आहेत, असे त्यात म्हटले होते. आरएनएवरून उलट डीएनए लिहिणारे प्रथिन १९७० सालीच सापडले होते. मातांच्या दुधातील कणांत तसलेच प्रथिन असल्याचेही १९७१ साली सांगण्यात आले. गुन्हेगार सापडला असे अनेकांना वाटले.

पण पुढच्या तपासणीत हा दावा टिकला नाही. मनुष्याच्या स्तन-कर्करोगाचे कारण असा विषाणू आहे हे आजवर सिद्ध झालेले नाही. उलट स्तनपानाने आईचेच संरक्षण होते असे दिसून आले. २००२ साली ३० देशांतील अभ्यास एकत्र करून केलेल्या गणनेत असे आढळले की, दर १२ महिन्यांच्या स्तनपानामागे स्त्रीचा स्तन-कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. तेव्हा दुधाच्या या हकीगतीमुळे येथील एकाही आईने भिऊन जाऊ नये.

मग हा शोध फुकट गेला काय? मला तसे वाटत नाही. संपात हरल्यावरही कामगार जे शिकतो ते पुढच्या संपात उपयोगी पडते. पेशी वाढविण्याची विद्या, गाठींची मोजदाद, नमुने जपून ठेवण्याची शिस्त, आणि मुख्य म्हणजे या रोगाचा विचार परळला बसूनही करता येतो हा आत्मविश्वास, हे सर्व त्या वर्षांत कमावले गेले. ज्या मातांनी दूध दिले त्यांची नावे मात्र कोठे छापलेली नाहीत.

एक मिलिमीटरचा किडा

यानंतर हकीगत अगदी अनपेक्षित ठिकाणी जाते. अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन हे दोन शास्त्रज्ञ मातीत राहणाऱ्या एका किड्याचा अभ्यास करीत होते. किड्याची लांबी सुमारे एक मिलिमीटर. त्याचे काही वाण असे होते की, त्यांची वाढ वेळापत्रकाप्रमाणे होत नसे. बालवयातील कामे त्यांच्या पेशी पुन्हा पुन्हा करीत बसत. वेळेचा हा घोटाळा ‘लिन-४’ नावाच्या जनुकामुळे होतो हे ठाऊक होते. अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेत रोझलिंड ली आणि ऱ्होंडा फाइनबाम या दोघी हे जनुक हुडकीत होत्या. ते त्यांना सापडले, पण त्यातून कोणतेही प्रथिन निघत नव्हते! त्यातून निघत होता अवघ्या २२ अक्षरांचा आरएनएचा एक तुकडा. रुव्हकन यांच्याकडे ‘लिन-१४’ या दुसऱ्या जनुकाचे काम चालू होते. दोघांनी आपापली अक्षरे एकमेकांना कळविली, तेव्हा दिसले की तो लहानसा तुकडा दुसऱ्या जनुकाच्या चिठ्ठीच्या शेपटाला जुळतो, तेथे चिकटतो आणि तिच्यावरून माल निघू देत नाही. हे १९९३ साली प्रसिद्ध झाले.

चिठ्ठी अडविणारा सापडला, तो असा.

त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. किड्याची काहीतरी खोड असेल, म्हणून विद्वानांनी सोडून दिले. २००० साली रुव्हकन यांच्या गटाला ‘लेट-७’ नावाचा दुसरा सूक्ष्म आरएनए सापडला, आणि तो माशीपासून मनुष्यापर्यंत सर्वांत जसाच्या तसा आढळला. मग मात्र सर्वांचे डोळे उघडले. मनुष्याच्या पेशींत असे शेकडो सूक्ष्म आरएनए आहेत हे आता ठाऊक झाले आहे. शास्त्रीय भाषेत त्यांना मायक्रो-आरएनए म्हणतात, आणि बहुतेकांना ‘मिर’ या अक्षरांपुढे एक क्रमांक देतात. अँब्रोस आणि रुव्हकन यांना २०२४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. डीएनएच्या वहीवरून प्रथम एक लांब पट्टी निघते; ती केसात घालावयाच्या आकड्यासारखी दुमडलेली असते. दोन प्रथिने कात्रीसारखी ती दोनदा छाटतात. त्यांपैकी दुसरीचे नाव डायसर. उरलेला २२ अक्षरांचा तुकडा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या बेचक्यात बसतो आणि चिठ्ठ्या तपाशीत फिरतो. तो सगळी चिठ्ठी वाचीत नाही. आपली सहा-आठ अक्षरे जुळली की तेथे धरतो. मग ती चिठ्ठी एकतर बाजूस पडते किंवा फाडली जाते.

कारखान्याची उपमा मी येथवर आणली. पण ती कोठे लंगडी पडते हेही सांगितले पाहिजे. कारखान्याचा पहारेकरी फाटक उघडतो किंवा लावतो. सूक्ष्म आरएनए फाटक क्वचितच पूर्ण लावतो. तो मालाचे प्रमाण कमी करतो, कंदिलाची वात खाली करावी तसे. आणि एकच सूक्ष्म आरएनए शेकडो निरनिराळ्या चिठ्ठ्यांवर हात ठेवू शकतो. त्यामुळे त्यांपैकी एक जरी कमीजास्त झाला, तरी सबंध खात्याचा तोल ढळतो.

गाठीतील हजेरीपट

कर्करोगाशी सूक्ष्म आरएनएचा संबंध प्रथम रक्ताच्या एका कर्करोगात दिसला. त्या रोगात तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा बहुधा नाहीसा झालेला असे. त्या तुकड्यात कोणते महत्त्वाचे प्रथिन लिहिले होते, याचा शोध कित्येक वर्षे चालला आणि काही हाती लागेना. २००२ साली जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखविले की, तेथे दोन सूक्ष्म आरएनए होते. शोधणारे माल शोधीत होते, आणि हरवला होता तो पहारेकरी.

२००५ साली त्याच गटाने स्तनाच्या गाठींतील सूक्ष्म आरएनएचा जणू हजेरीपट मांडला. निरोगी स्तनाच्या मानाने गाठींत मिर-२१ आणि मिर-१५५ हे वाढलेले होते. मिर-१२५बी आणि मिर-१४५ हे घटलेले होते. येणेप्रमाणे दोन तऱ्हा दिसल्या. काही सूक्ष्म आरएनए पेशीच्या वाढीला लगाम घालतात. ते गैरहजर झाले की पेशी उधळते. काहींचे याच्या उलट आहे. मिर-२१ ज्या चिठ्ठ्या अडवितो त्यांत पीटेनसारख्या, वाढ रोखणाऱ्या प्रथिनांच्या चिठ्ठ्या आहेत. लगाम घालणाऱ्यालाच अडविले, की घोडा मोकळा.

पण मघाशी मी म्हटले की मरण येते ते गाठ पसरल्यामुळे. त्या पसरण्याविषयी २००७ साली ली मा आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांनी महत्त्वाची गोष्ट सांगितली. न पसरणाऱ्या स्तन-कर्करोगाच्या पेशींत त्यांनी मिर-१०बी हा एकच सूक्ष्म आरएनए वाढविला, आणि त्या पेशी उंदरात आजूबाजूला घुसू व दूर जाऊ लागल्या. पुढे २०१० साली त्याला निकामी करणारे द्रव्य उंदरांना टोचले, तेव्हा फुप्फुसांतील नव्या वस्त्या घटल्या. मूळची गाठ मात्र तशीच वाढत राहिली. यावरून, वाढणे आणि पसरणे ही दोन निराळी कामे असून त्यांचे हुकूमही निराळे आहेत, हे स्पष्ट होते. २००८ साली न्यूयॉर्कमधील जोन मॅसाग्वे यांच्या गटाला याची दुसरी बाजू दिसली : पसरलेल्या पेशींत मिर-३३५ आणि मिर-१२६ हे हरवलेले होते, आणि ते परत दिले तर उंदरांत पसरणे घटत होते.

पुन्हा परळ, आणि मग खारघर

आता आपण पुन्हा घरी येऊ. १९९१ साली लंडनच्या गाय रुग्णालयातील एका गटाने एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. पाळी चालू असलेल्या वयातील स्त्रियांची स्तनावरील शस्त्रक्रिया पाळीच्या चक्रात केव्हा झाली, यावर तिच्या पुढच्या आयुष्याचा भरवसा कमीअधिक दिसत होता. चक्राच्या तिसऱ्या ते बाराव्या दिवसांत, म्हणजे शरीरात प्रोजेस्टेरॉन कमी असताना, ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांचा निकाल वाईट होता. या निबंधाचे पहिले लेखक होते डॉ. राजेंद्र बडवे, पुढे हे टाटा मेमोरियलचे संचालक झाले.

परळला परतल्यावर त्यांनी याची कसोटी घेतली. १,००० स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला शस्त्रक्रियेपूर्वी ५ ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉनचे ५०० मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन दिले, दुसऱ्याला दिले नाही. निकाल २०११ साली प्रसिद्ध झाला. सर्व स्त्रिया मिळून पाहता दोन गटांत खात्रीने म्हणता येईल असा फरक पडला नाही. परंतु ज्यांच्या काखेतील ग्रंथींत रोग पोचला होता, त्यांच्यात पाच वर्षांनंतर रोग न उलटलेल्या स्त्रिया इंजेक्शनच्या गटात ६५.३ टक्के होत्या, आणि दुसऱ्या गटात ५४.७ टक्के. हा निकाल एका पोटगटाचा आहे. म्हणून तो पुन्हा पडताळून पाहावयास हवा, हे डॉक्टरही सांगतात. मला त्यात विशेष वाटले ते असे की, हे इंजेक्शन स्वस्त आहे आणि जुने आहे. आमच्या बायकांच्या ऐपतीतला प्रश्न परळने विचारला.

आता, एका इंजेक्शनने पेशीच्या आत होते तरी काय? परळची संशोधनशाळा एव्हाना खारघरला गेली होती. तेथे डॉ. अमित दत्त यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढविलेल्या स्तन-कर्करोगाच्या पेशींना प्रोजेस्टेरॉन दिले आणि आत काय बदलते ते मोजले. २०१७ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, प्रोजेस्टेरॉन दिल्यावर मिर-१२९-२ नावाचा सूक्ष्म आरएनए वाढतो. पेशीवर प्रोजेस्टेरॉनचा निरोप ज्या प्रथिनामार्फत पोचतो त्या प्रथिनाचीच चिठ्ठी तो अडवितो. म्हणजे निरोप आला, आणि निरोप घेणाराच कमी झाला. कमलाबाईंनी ज्या संप्रेरकांची आणि ज्या आरएनएची गाठ उंदरांच्या स्तनात शोधली होती, त्या दोहोंची भेट अशा निराळ्याच वेषात त्यांच्याच संस्थेच्या वारसांना पेशीत दिसली. कमलाबाई २००१ साली वारल्या. हे पाहावयास त्या नव्हत्या.

औषध केव्हा?

आपण विचाराल, मग याचे औषध केव्हा येणार? येथे मी खोटी आशा दाखविणार नाही. मिर-३४ या लगाम घालणाऱ्या सूक्ष्म आरएनएची नक्कल करून ती कर्करोगाच्या रुग्णांना टोचून पाहण्यात आली. पण शरीराची प्रतिकारशक्ती भलतीच खवळून रुग्णांना गंभीर अपाय झाले, आणि २०१६ साली तो प्रयोग थांबवावा लागला. एक सूक्ष्म आरएनए शेकडो चिठ्ठ्यांवर हात ठेवतो, हे मघाशी सांगितलेच आहे. त्यामुळे एक बिघाड दुरुस्त करताना दुसरे दहा होण्याचे भय असते. सूक्ष्म आरएनएवर आधारलेले स्तन-कर्करोगाचे औषध आजवर मान्य झालेले नाही. रक्ताच्या थेंबातील सूक्ष्म आरएनए मोजून गाठ लवकर ओळखता येईल काय, याचीही जगभर खटपट चालू आहे. पण निरनिराळ्या प्रयोगशाळांची उत्तरे अजून एकमेकांशी नीट जुळत नाहीत. तेव्हा अशा तपासणीच्या नावाखाली कोणी पैसे मागत आला, तर आधी आपल्या डॉक्टरांस विचारावे.

हाताची तपासणी

असो. प्रयोगशाळेतून आता मी हाताकडे वळतो; कारण आज या मांडवात बसलेल्या भगिनींना उद्या उपयोगी पडेल अशी गोष्ट तेथे आहे.

१९९८ साली टाटा रुग्णालयाचे डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांचे सहकारी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गेले. ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे वस्तीवार दोन भाग करण्यात आले. एका भागातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्य-सेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, स्तनांची हाताने तपासणी केली. यंत्र नाही, क्षकिरण नाहीत. शिकलेला हात, एवढेच साधन. या स्त्रियांवर वीस वर्षे लक्ष ठेवून २०२१ साली निकाल जाहीर झाला. तपासलेल्या स्त्रियांतील गाठी दुसऱ्या भागातल्यापेक्षा लवकरच्या टप्प्यात असताना सापडल्या. पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत स्तन-कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयांचा एकत्र हिशेब केला तर घट १५ टक्के होती आणि ती खात्रीची म्हणता येत नाही. पन्नाशीच्या आत तर फायदा दिसला नाही. पूर्ण निकाल सांगणे माझे कर्तव्य आहे, म्हणून सांगितला.

या दोन हकीगती मी एकाच व्याख्यानात आणल्या, याला कारण आहे. सूक्ष्म आरएनएने शास्त्रज्ञांना शिकविले की, पेशीत ज्याला कोणी मोजत नव्हते त्याच्याच हाती पुष्कळ काही होते. त्याला १९९३ पर्यंत कोणी हजेरीपटावरच घेतले नव्हते. समाजातही असेच आहे. किड्याचे जनुक हुडकणाऱ्या दोघी, दूध देणाऱ्या माता, इंजेक्शनच्या कसोटीत सामील झालेल्या हजार स्त्रिया, चाळीचाळींतून फिरणाऱ्या सेविका, यांच्या खांद्यांवर ही सारी विद्या उभी आहे. आणि ती विद्या आमच्या दारी येईतो, आमची बाई गाठ घेऊन वेळेवर दवाखान्यात पोचली पाहिजे. हिंदुस्थानातील स्त्रियांत आज सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग हा स्तनाचाच आहे. उशिरा आलेल्या बाईला उद्याचे उत्तम औषधही अपुरे पडेल.

म्हणून तीन मागण्या मी येथे मांडतो. सवयीचा गुलाम आहे, त्यास इलाज नाही. पहिली कारखान्यांच्या मालकांकडे : कामगार स्त्रीला तपासणीसाठी भरपगारी रजा द्या, मजुरी बुडते म्हणून बाई तपासणी पुढे ढकलते, आणि गाठ काही सुटी घेत नाही. दुसरी सरकारकडे : तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तन, मुख आणि गर्भाशयाचे मुख यांची तपासणी उपकेंद्रांवर करावी असे २०१६ सालचे सरकारी धोरण आहे, ते कागदावरून आमच्या बंदरापर्यंत आणा, आणि मासळीच्या वेळा सांभाळून तपासणीच्या वेळा ठेवा. पहाटे होडी लागल्यावर कोणतीही कोळीण किंवा मांगेलीण दवाखान्यात यावयाची नाही.

तिसरी मागणी आपल्याकडेच आहे. न दुखणारी गाठ, बोंडाचे आत ओढले जाणे, बोंडातून रक्त येणे, कातडीवर खळगा पडणे, काखेत गोळा येणे, यांपैकी काही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात दाखवा. अशी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, बहुतेक नसतात. पण हे पदराखाली ठरत नाही, तपासूनच ठरते. आणि बंधूंनो, घरातल्या बाईला हे सांगण्याची लाज वाटणार नाही असे घर ठेवणे आपल्या हाती आहे. तसे घर मी एकोणीस वर्षांचा असताना माझ्या आईला देऊ शकलो नाही.

ती वही अजून माझ्यापाशी आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या कागदावरचे शब्द आहेत. आज मला ते समजतात. ज्यांना आपला कागद वाचून घ्यावयाचा असेल त्यांनी युनियनच्या कचेरीत यावे. जेवढे मला समजेल तेवढे सांगेन. न समजेल तेथे समजणाऱ्याकडे तुमच्याबरोबर येईन. ‘तुला समजणार नाही’ असे मात्र तेथे कोणाला ऐकावे लागणार नाही.